बांधाचे कारभारी

जायच्या आदल्या दिवशी बेंजामिननं धाकट्या भावाला, एझ्राला, खाडीच्या बांधावर नेलं. १९९५ सालचा मे महिना होता. वडखळच्या नाक्यावरून खाडीकडे उतरलं की जुनीखार हे त्यांचं गाव लागतं. गावाची सगळी भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली आहे. मध्ये मातीचा बांध उभा म्हणून तिला शेत म्हणायचं, नाहीतर सगळी खाडीच. एकतीस शेतकरी मिळून तो बांध राखत, आणि गेली चौदा वर्षं बांधाचा कारभारी होता बेंजामिन.

गावात बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, ते एकच घर उरलं होतं. बेंजामिनचे दोन्ही मुलगे इस्रायलला लोद शहरात स्थिरावले होते. बापाचे गुडघे गेले म्हटल्यावर त्यांनी तिकीटच पाठवलं. एझ्रा तर मार्चमध्येच निवृत्त झाला होता, रोह्याला एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढून, अव्वल कारकून म्हणून. तेव्हा घर आणि सव्वाचार एकर खारजमीन आता त्यानं बघायची, असं भावाभावांत ठरलं.

बेंजामिन अनवाणी पुढं चालत होता. एझ्राच्या पायात बूट होते.

"ही बघ चिंबोऱ्यांची बिळं," बेंजामिन वाकून म्हणाला. "बोटाएवढं बीळ असतं, पण भरतीचं पाणी त्यातनंच वाट काढतं. चोंदून टाकायची. पाण्याचं काय असेल ते रंभाबायला विचार. तिवराच्या झाडाचे खुंट, होडी, ते शरीफचं. आणि बांधाला चिकट मातीची ढेप रचायची तर दत्तूनं. त्याच्या बापाचा हात हाय त्याच्या हाताला."

"दादा, हे सगळं लिहिलेलं आहे का कुठं?"

"कशाला लिहायचं? माणसं हायत की."

एझ्रानं मान हलवली, पण मनात त्यानं ठरवून टाकलं की पहिलं काम म्हणजे नोंदवही.

खरं सांगायचं तर आपलं काम भावाच्या कामापेक्षा वरचं आहे, असं एझ्राला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्यांचा बाप म्हणायचा, एक पोरगा चिखलात राहिला, दुसरा खुर्चीत बसला. एकदा, वीसेक वर्षांपूर्वी, बेंजामिन नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन रोह्याच्या कचेरीत आला होता. शेतातून तसाच निघालेला, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. साहेब आत बसले होते. एझ्रानं शिपायाला सांगितलं, त्यांना बाहेरच्या बाकावर बसव. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बेंजामिन त्या बाकावर बसून राहिला. दोघांपैकी कोणीही पुढं तो विषय काढला नाही.

भाऊ विमानात बसला. जूनमध्ये गावकऱ्यांनी एझ्रालाच कारभारी केलं. बेंजामिनचा भाऊ, त्यातून कचेरीतला माणूस, दुसरं कोण बघायचं?

एझ्रानं कामाला हात घातला तो अगदी मनापासून. सातबारे बघून त्यानं अडीच किलोमीटर बांधाचे एकतीस हिस्से पाडले, जमीन जेवढी तेवढा बांध. प्रत्येक हिश्श्यावर रंगवलेली खुंटी ठोकली, तिच्यावर आकडा. दर सोमवारी ज्यानं त्यानं आपला हिस्सा तपासायचा आणि दूध डेअरीत ठेवलेल्या वहीत सही करायची. वहीला लाल कापडी पुठ्ठा होता, रकाने पट्टीनं आखलेले. कोणी कुरकुर केली नाही. जुलैभर एकही रकाना मोकळा राहिला नाही, तेव्हा एझ्राला वाटलं, दादाला चौदा वर्षांत जमलं नाही ते आपण दोन महिन्यांत केलं.

शरीफ त्याचा शाळेपासूनचा सोबती. अकरा वर्षं कुवेतला काढून आता गावात शेती करायचा. तो एक दिवस वही चाळत म्हणाला, "झकास हाय. पण एझ्रा, सह्यांनी बांध उभा राहत नाय."

"शिस्त लागायला वेळ जातो," एझ्रा म्हणाला.

श्रावणाच्या शेवटी रंभाबाय डेअरीच्या ओट्याशी आली. साठीची विधवा बाई, तिचा अर्धा एकर उघाडीला लागूनच. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला मिटतं. रंभाबाय त्या दाराशीच जन्मभर वावरलेली.

"भाऊसाहेब, वळणावर बांधाला पाझर फुटलाय. उधाणाच्या आत बघा."

एझ्रानं वही उघडली. "वळण म्हणजे सतरा नंबर. तो दत्तात्रेयचा हिस्सा. त्यानं कालच सही केली आहे, बांध ठीक म्हणून."

"सही केली असंल. मी पाणी बघितलं."

"असं करा, त्याला सांगा म्हणजे तो नोंद करील. दुसऱ्याच्या हिश्श्याची नोंद तुमच्या नावावर घेता येत नाही."

रंभाबायनं एकदा वहीकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि गेली. ती दत्तात्रेयच्या घरी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा तो भेटला नाही. तो धाटावच्या एका कंपनीत कामाला होता आणि पावसाळ्यात शिफ्ट बदलली की चार-चार दिवस रोह्याला मेहुण्याकडेच राहायचा.

भाद्रपदातली पौर्णिमा शनिवारी आली. आदल्या दिवशी गणपती गेले होते. गाव थकून झोपलं होतं. प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष पेणला जमतील याची खात्री नव्हती, म्हणून एझ्रानं शनिवारचा शब्बाथ, काम न करण्याचा दिवस, घरीच पाळला आणि सकाळी शास्त्र, म्हणजे ज्याला जुना करार म्हणतात ते, उघडून बसला. स्वतःच्या नावाचं पुस्तक वाचावं म्हणून तो पानं उलटत होता, पण त्याच्या अलीकडच्या इतिहासाच्या पुस्तकातच अडकला. दावीद राजाच्या कारभाऱ्यांची यादी होती ती. नुसती नावं असतात म्हणून ही पानं त्यानं आजवर कधी धड वाचली नव्हती. आज तो थांबला, कारण त्यात एक एझ्री भेटला.

"दीना, ऐक ना," त्यानं बायकोला हाक मारली. "राजाच्या खजिन्यावर एक माणूस, गावोगावच्या कोठारांवर एक. आणि लगेच पुढं कोण, तर जमीन कसणाऱ्या शेतमजुरांवर हा एझ्री."

"तुमच्याच नावाचा म्हणायचा," दीना हसून म्हणाली.

"पुढं द्राक्षमळ्यांवर वेगळा, तेलाच्या साठ्यावर वेगळा. अगं, सपाटीवरच्या गुरांवर एक आणि खोऱ्यातल्या गुरांवर दुसरा. उंटांवर तर इश्माएली, म्हणजे अरबी माणूस नेमलाय."

"उंटांचं त्यालाच कळत असणार. राजा शहाणा होता."

एझ्रा त्या पानाकडे बघत राहिला. यादी आपल्यासारख्याच एखाद्या कारकुनानं लिहिली असणार, एवढं त्याला कळत होतं. पण हिच्यात काहीतरी वेगळं होतं. कोणाची जमीन किती, कोणाचा दर्जा काय, याचा पत्ताच नव्हता.

साडेबाराच्या सुमाराला रस्त्यावरून कोणीतरी ओरडत गेलं, "खांड पडली! वळणावर खांड पडली!"

एझ्रा उठला आणि दारात अडखळला. शब्बाथ होता.

"जीव वाचवायला शब्बाथ मोडला तर चालतो ना?" दीना म्हणाली. "मग शेत म्हणजे काय दगड आहे? जा."

वाटेत डेअरीतली वही काखेत मारून तो पळाला.

वळणावर बांध बैलगाडी जाईल एवढा फुटला होता आणि खाडीचं गढूळ पाणी आत घुसत होतं. भात नुकतं निसवायला, लोंब्या टाकायला लागलं होतं. रंभाबायच्या अर्ध्या एकरात हिरवी टोकं तेवढी वर दिसत होती. पंचवीसएक माणसं जमली होती, सगळी एकदम ओरडत होती. जो तो हाताला लागेल ती माती उचलून भगदाडात टाकत होता आणि पाणी ती माती साखरेसारखी विरघळवून नेत होतं.

"सतरा नंबर कुठं आहे?" एझ्रा ओरडला. "सोळा आणि अठरा, इकडं या!"

कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. कोणाला आपला नंबर आठवत नव्हता. दत्तात्रेय मात्र तिथंच होता. विसर्जनासाठी रजा घेऊन आलेला. मान खाली घालून वेड्यासारखी माती ओढत होता.

एझ्रा वही धरून उभा राहिला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं. पाण्याकडे बघता बघता त्याला सकाळचं पान आठवलं. सपाटीचा माणूस वेगळा, खोऱ्याचा वेगळा. ज्याला जे कळतं त्याच्याकडे ते. आणि मग त्याला मे महिन्यातली ती सकाळ आठवली. हीच यादी दादानं त्याला तोंडी सांगितली होती, नावानिशी, आणि आपण ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

त्यानं वही बांधावर टाकली.

"थांबा!" तो एवढ्या जोरात ओरडला की शरीफनं दचकून वर बघितलं. "माती टाकू नका. सगळे थांबा. रंभाबाय, पाणी कधी फिरेल?"

रंभाबाय कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं खाडीकडे बघितलं. "फिरलंच हाय. आता ओढ कमी होत जाईल. तीनच्या आधी टाकलेली माती फुकट. तीन ते सहा काय ते करा."

"ऐकलंत? रंभाबाय सांगतील तोवर कोणी भगदाडाला हात लावायचा नाही. शरीफ, होडी काढ. तिवराचे खुंट हवेत, आणि पलीकडच्या काठाची चिकट माती."

"चार माणसं दे."

"तूच निवड. बायांनो, पेंढ्याच्या मुड्या वळायला घ्या, ज्याच्या घरी पेंढा असेल त्याच्याकडून आणा. आणि दत्तू."

दत्तात्रेयनं मान वर केली. "भाऊसाहेब, मी तीन सोमवारच्या सह्या एकाच दिवशी केल्या. मी बांधावर आलोच नाय."

कोणीतरी शिवी दिली.

"ते मागनं बघू," एझ्रा म्हणाला. "सही तू केलीस, पण तसला कागद मी काढला. ढेप कोण रचणार आता, ते सांग. तुझ्या हाताशिवाय खांड बुजणार नाही असं दादा म्हणाला होता."

दत्तात्रेयनं हातानं नाक पुसलं. "दोघं हाताखाली लागतील. आणि मला खुंट आधी पायजेत, पेंढा मागनं."

"तू सांगशील तसं."

मग एझ्राला काही सुचेना. सगळ्यांना काम दिलं होतं. तो रंभाबायकडे वळला. "मी काय करू?"

"घमेलं धरा," रंभाबाय म्हणाली. "त्या वाण्याच्या पोराच्या आणि मोरूच्या मधी उभे राव्हा. बूट काढा आधी."

तीन वाजता पाण्याची ओढ मंदावली. रंभाबायनं हात वर केला आणि दत्तात्रेय भगदाडात उतरला. शरीफची होडी तीन खेपा करून आली होती. खुंट ठोकले गेले, मध्ये पेंढ्याच्या मुड्या दाबल्या, आणि त्यावर दत्तात्रेय एकेक ढेप बसवू लागला, आडवी, मग उभी, मग टाचेनं दाबून. आरडाओरडा पार थांबला होता. "ढेप" असा आवाज आला की ढेप पुढं जायची, "पेंढा" म्हटलं की पेंढा. एझ्रा ओळीत उभा राहून घमेलं घेत होता आणि देत होता. तासाभरात त्याच्या तळहातांना फोड आले. मोरूनं आपल्या डोक्याचं फडकं फाडून त्याच्या हातांना बांधलं आणि पुन्हा घमेलं दिलं. इशरत, शरीफची बायको, चहाची किटली घेऊन आली तेव्हा सगळे उभ्या उभ्याच चहा प्यायले.

सूर्य टेकायच्या सुमाराला खांड बुजली. रात्रीची भरती येऊन गेली आणि बांध जागच्या जागी राहिला.

नुकसान झालं ते झालंच. दीड एकराचं भात खाऱ्या पाण्यानं करपलं. त्यात रंभाबायचा अख्खा अर्धा एकर गेला. एझ्रा तिच्या घरी गेला आणि म्हणाला, "तुम्ही सांगायला आला होतात. मी वही बघत बसलो."

"व्हय," रंभाबाय म्हणाली. "असू द्या" म्हणून विषय झटकून टाकणारी बाई ती नव्हती. मग तिनंच पाट सरकवला. "बसा. च्या घेता?"

आठवड्यानं बेंजामिनचा फोन आला, शरीफच्या घरी. गावात दोनच फोन होते. एझ्रानं सगळं सांगितलं, वहीसकट. पलीकडे बेंजामिन मध्येमध्ये "हूं" म्हणत होता.

"दादा, अजून एक," एझ्रा म्हणाला आणि थांबला. "रोह्याला तू आला होतास ना तांदूळ घेऊन. मी तुला बाहेर बाकावर बसवलं होतं."



"आठवतंय," बेंजामिन म्हणाला. "घरी जाऊन मी तुझ्या वहिनीला सांगितलं होतं की तुला काम फार असतं."

"काम नव्हतं."

"ते मला ठाऊक होतं रं." मग तो खोकला. "ढेप दत्तूनंच रचली ना? मग बस्स. इथं चौथ्या मजल्यावर एक कुंडी हाय, तिच्यात मी कोथिंबीर लावलीय. हसतात पोरं."

एझ्रानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शरीफ उठून बाहेर गेला.

नव्याच्या सणाच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या वर्षारंभाच्या, आदल्या रविवारी गावकरी डेअरीसमोर जमले. वही बंद करा, असंच बहुतेकांच्या मनात होतं. एझ्रानं घरून शास्त्र आणलं होतं. त्यानं राजाच्या कारभाऱ्यांची ती यादी सगळ्यांना सांगितली, खजिन्यापासून उंटांपर्यंत.

शरीफ मोठ्यानं हसला. "उंट इश्माएल्याच्या गळ्यात! कुवेतला वास घेतलाय मी त्यांचा. मला होडीच ठेवा."

"शेतमजुरांवरचा माणूस खजिनदाराच्या पंगतीला?" दत्तात्रेयनं विचारलं. "पगार काय होता त्याला?"

"पगार लिहिलेला नाही. नाव लिहिलंय. तीन हजार वर्षं झाली, नाव आहे अजून."

"त्यात बाईचं नाव हाय का?" रंभाबायनं मागून विचारलं.

एझ्रानं पानावरून बोट फिरवलं, जरी त्याला उत्तर माहीत होतं. "नाही."

"मग तुमच्या राजानं उघाडी कोणाच्या हातात दिली होती?"

हशा पिकला. एझ्राही हसला. "त्याच्या राज्यात खाडी नसावी," तो म्हणाला. "असती तर त्याला तुमच्या दारी यावं लागलं असतं."

दत्तात्रेयला वाटलं होतं आपलं नाव काढून टाकतील. "मी धाटावला असतो," तो सांगू लागला, "मला सोमवार जमत नाय."

"मग सोमवार कशाला?" एझ्रा म्हणाला. "ढेप लागेल तेव्हा तुला बोलावू. आणि तुझ्या हाताखाली दोघं शिकायला ठेव, तू नसशील तेव्हाला."

कोणीतरी म्हणालं, हे सगळं बेंजामिनदादाच्या वेळी होतंच की, तोंडी. मग वही पायजे कशाला?

उत्तर रंभाबायनं दिलं. "दादा गेला तवा त्याच्या डोक्यातलं त्याच्याबरोबर गेलं. मी गेले की माझं जाईल. भाऊसाहेबांनी लिहावं. पण मी बघितलं तर माझं लिहावं, बांध कोणाचाबी असो."

त्या दिवशी एझ्रानं जुने रकाने खोडले आणि नव्या पानावर लिहायला घेतलं. पाणी आणि उघाडी, रंभाबाय. होडी व तिवर, शरीफ. ढेप, दत्तात्रेय. बिळं चोंदणं, मोरू. एकतीसच्या एकतीस नावं होईपर्यंत दुपार कलली. सगळ्यात शेवटी त्यानं लिहिलं, लेखन आणि घमेलं, एझ्रा.

भात दिवाळीनंतर कापलं. लाल राता तांदूळ, दरवर्षीपेक्षा कमीच आला. रंभाबायला पुढच्या पेरणीचं बी आठ-दहा घरांनी मिळून दिलं, आणि तिनं ते मोजून न बघता कणगीत ओतलं. धाटावची शिफ्ट संपवून दत्तात्रेय दर रविवारी येत होता. त्यानं वळणाच्या बांधावर आणखी दोन थर चढवले आणि मोरूच्या पुतण्याला ढेप कशी कापायची ते शिकवलं.

एझ्रानं स्वतःचं भात स्वतः कापायचं ठरवलं. दीनानं समजावून बघितलं, मजूर लावा म्हणून. त्यानं ऐकलं नाही. शेजारच्या शेतातल्या मजूर बायांचं अर्धं कापून झालं तेव्हा त्याच्या जेमतेम चार ओळी झाल्या होत्या, त्याही वाकड्या. बाया हसल्या, तोही हसला. संध्याकाळी घरी आला तो कंबर धरूनच. दीनानं तेल कोमट केलं, त्याला पालथं झोपवलं आणि पाठीला चोळता चोळता बोलू लागली, की या वयात हे धंदे कोणी सांगितलेत, रोह्याला पेन्शन घेऊन सुखानं राहिलो असतो, उद्या उठता आलं नाही तर मला सांगू नका. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, तो केव्हाच झोपला होता. तिनं हात थांबवला, मग त्याच्या तळव्यांना चिकटलेला चिखल ओल्या फडक्यानं पुसून काढला.